उकंडा, केरसुणी, शेण आणि राख : मराठवाड्याच्या म्हणींतली आणि लोककथांतली घाण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातल्या म्हणी, सणवार आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचा विषय निघाला की केरकचऱ्यापाशी हमखास गाडी येते आणि प्रश्नही तेच ते येतात. शिक्षक विचारतात, लेकुरवाळ्या बाया विचारतात, शहरात वाढलेली नातवंडं विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो : आपल्या लोकपरंपरेनं घाणीला बराच मान दिला, पण घाण उचलणाऱ्या हाताला तो दिला नाही. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून इथंच येतात.

उकंडा म्हणजे गावातली कचराकुंडीच ना?

नाही. पुस्तकात ज्याला उकिरडा म्हणतात तोच आमच्याकडचा उकंडा, पण कुंडीतला कचरा टाकून द्यायचा असतो आणि उकंड्यावरचा साठवायचा. गोठ्यातलं शेण, जनावरांनी खाऊन उरलेला कडबा, चुलीतली राख, घरातला केर, खरकटं, पाचोळा हे सगळं रोज सकाळी टोपल्यातून तिथं जायचं. पावसाळाभर ते कुजायचं आणि उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, बैलगाड्या भरून रानात पडायचं. प्रत्येक घराचा उकंडा वेगळा असे. दुसऱ्याच्या उकंड्यावरचं शेण कुणी उचललं तर त्यावरून भांडणं होत, कारण ती चोरीच होती.

उकंडा उकरताना एकदा तरी जवळ उभं राहावं. वरचा थर राखाडी आणि कोरडा, त्यात काड्या आणि कोंबड्यांनी केलेले खळगे. हातभर खाली फावडं गेलं की काळाभोर, ओलसर माल लागतो, त्यातून वाफ निघते आणि त्यात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळतात. त्या थरापर्यंत पोचलं की वास बदलतो. घाणीचा वास जातो आणि पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. ज्यांनी उकिरड्यावर म्हणी केल्या त्यांनी हे रोज पाहिलेलं होतं.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ ही म्हण कुणाला उद्देशून म्हणतात?

सासरी राबणाऱ्या सुनेला, सालगड्याला, नापास झालेल्या पोराला, सतत दुष्काळ पाहणाऱ्या घराला. ज्याच्याकडे आज कुणी ढुंकून पाहत नाही त्याचेही दिवस पालटतात, असा धीर त्यात आहे. बारा वर्षं म्हणजे एक तप, म्हणून आकडा बाराचा. खऱ्या उकंड्याचे दिवस तर दरवर्षीच पालटत. माणसाच्या मैल्याच्या खतालाही आपण ‘सोनखत’ म्हणत आलो, त्यामागेही हाच अनुभव आहे.

मला ही म्हण फार मोलाची वाटते. पुष्कळ म्हणी गरिबाला त्याची पायरी दाखवतात. ही म्हण त्याच्या बाजूनं उभी राहते.

मग ‘उकिरडे फुंकणे’ हा वाक्प्रचार वाईट अर्थानं का?

तो गाढवावरून आला. गाढव उकिरड्यावर नाक लावून फिरतं, त्यातून त्याला मिळत काही नाही. कामधंदा सोडून गावभर हिंडणाऱ्याला ‘उकिरडे फुंकत फिरतो’ म्हणतात. दोष रिकामपणाला दिलेला आहे.

कचरू, केरबा, उकंडा, शेणफड अशी नावं लोक पोटच्या पोरांना का ठेवत?

पोर जगावं म्हणून.

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. एकामागून एक मुलं दगावलेल्या घरात नवं मूल जन्माला आलं की त्याला सुपात घालून उकंड्यावर नेत. तिथं ठेवत किंवा हलकेच लोळवत. शेजारची, बहुतेक वेळा लेकुरवाळी बाई ते उचले आणि आई तिच्याकडून ते पसाभर ज्वारी देऊन ‘विकत’ घेई. आता हे मूल आईचं राहिलं नाही, उकंड्यावर सापडलं. ज्या शक्तीनं आधीची लेकरं नेली तिच्या लेखी ते टाकलेलं, कवडीमोल. टाकलेल्यावर कोण नजर ठेवणार? पुढं हाक मारताना चुकून लाडाचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून नावच कचरू. मुलगी असली तर कचराबाई, धोंडाबाई, दगडाबाई.

देवीचा रोग, पटकी (कॉलरा), धनुर्वात यांनी घरंच्या घरं ओस पडत त्या काळात आईच्या हातात औषध नव्हतं, नाव होतं. बाळाच्या गालावर लावलेली काजळाची तीटही त्याच विचारातली : रूप थोडं मळवायचं म्हणजे दृष्ट लागत नाही.

अशा नावांची माणसं पुढं मोठी झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हत्यार घेऊन उतरलेल्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके मराठवाड्याला ठाऊक आहेत. आज शाळेत एखाद्या मुलाला आजोबांच्या नावावरून चिडवलं जातं, तेव्हा शिक्षकांनी वर्गात ही हकिगत जरूर सांगावी.

केरसुणीला लक्ष्मी का म्हणतात?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून, तिला हळदीकुंकू वाहून मगच ती वापरायला काढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायचा, ती उभी ठेवायची नाही, कुणाला मारायची नाही, हेही. केर घालवते ती धन आणते, इतकं सरळ उत्तर पुरेसं वाटतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. लक्ष्मीला एक थोरली बहीण आहे. पुराणांत ती ज्येष्ठा किंवा अलक्ष्मी. समुद्रमंथनात ती लक्ष्मीच्या आधी निघाली. तिचं वाहन गाढव, ध्वजावर कावळा आणि हातात केरसुणी. बोलीत तीच अक्काबाई. घर बसलं, कर्ज झालं, रोज भांडणं सुरू झाली की म्हातारी माणसं म्हणतात, ‘अक्काबाईचा फेरा आला.’ जिथं केर साठतो, तिन्हीसांजेला दिवा लागत नाही, उष्टी भांडी रात्रभर पडून राहतात, तिथं ती वस्तीला येते. देवीच्या साथीची शितळाही गाढवावरच बसते. तिच्या हातात केरसुणी आणि डोक्यावर सूप. उकंड्यावर दिसणारं सगळं गोत या बायांच्या अवतीभवती आहे.

म्हणजे दारिद्र्य आणणारी, रोग आणणारी आणि संपत्ती आणणारी अशा तिघींशी केरसुणीचं नातं आहे. भाद्रपदात मराठवाड्यात ज्या महालक्ष्म्या बसतात त्याही ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी, शेजारी शेजारी, सारख्याच साड्यांत. पुराणात जिला घराबाहेर घालवलं त्या थोरलीचंच नाव घेऊन आमच्या बाया एकीला घरात घेतात, पाटावर बसवतात, पुरणपोळीचं जेवण वाढतात. धाकटीला बोलवायचं तर थोरलीचा मान आधी, हा आपल्या घरांतला नियम देवींनाही लागू झाला असावा, असं मला वाटतं.

तिन्हीसांजेला केर का काढायचा नाही?

लक्ष्मी घरात यायची वेळ ती, तेव्हा केरसुणी फिरवली तर ती दारातून परत जाते, असं सांगतात. मिणमिणत्या दिव्यात केराबरोबर नथीचा मोती, सुटे पैसे, दाणे निघून जात म्हणून ही रीत पडली, असंही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या केर काढायचा नाही, ही रीत मात्र उजेडाशी जोडता येत नाही. तो निखळ माणसाचा मान आहे. गेलेल्याला ‘झाडून काढलं’ असं वाटू नये.

दिवाळीच्या पहाटे केर वाजवत टाकून येतात, ते काय?

पाडव्याच्या पहाटे, अंधार असतानाच, घरातला केर जुन्या टोपल्यात भरतात. झिजलेली केरसुणी आणि फाटकं सुपडंही त्यात जातं. घरातलं एक माणूस ते उकंड्यावर नेतं. जाताना सूप काठीनं बडवतात आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. उकंड्यावर पणती लावून मागं न पाहता परत यायचं. आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सुपं वाजवून अलक्ष्मीला घालवण्याचा विधी धर्मग्रंथांतही आहे. आमच्याकडच्या बायांनी त्यात बळीराजा आणला. शेतकऱ्याच्या घरची इडापिडा कुठली, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

घराबाहेर फेकलेल्या केरापाशी दिवा लावायचा, एवढं मनाचं मोठेपण मला दुसऱ्या कुठल्या विधीत दिसलेलं नाही.

शेण पवित्र की शिवी?

दोन्ही. ‘शेण खाल्लं’ म्हणजे लाज जाईल असं वागणं, ‘लोकांनी तोंडात शेण घातलं’ म्हणजे बेअब्रू झाली, ‘पडलेलं शेण माती घेऊनच उठतं’ म्हणजे पडतापडताही स्वार्थ साधणारा माणूस. पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघत तेव्हा त्यांच्या अंगावर शेणाचे गोळेच फेकले गेले. आणि तेच शेण पंचगव्यात पोटात जातं, अंगणाच्या सड्यात पडतं, भुईवर सारवलं जातं. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. रथसप्तमीला तुळशीपुढं गोवरीवर दूध उतू घालतात.

यात मला विसंगती दिसत नाही. शेण आपल्या जागी आणि कुणाच्या तरी कष्टाच्या हातानं गेलं तर पूजा, नको त्या जागी किंवा द्वेषानं गेलं तर शिवी.

‘कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं’ या गोष्टीत शेण वाईट दाखवलं आहे का?

आहे, आणि गंमत ही की ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या शेणानं सारवलेल्या भुईवर बसूनच सांगितली गेली. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.’ शेवटी दार उघडतं आणि बऱ्याच घरांत सांगितल्या जाणाऱ्या शेवटात कावळ्याला चुलीचा चटका बसतो.

नातवंडांना सांगताना मी हा शेवट बदलावा का, असं काही आज्या विचारतात. माझं मत : बदलू नका, पण गोष्ट संपल्यावर कावळ्याची दुसरी गोष्ट सांगा. उष्टं, खरकटं, मेलेला उंदीर असं सगळं उचलून गाव झाडणारा हा पक्षी दहाव्याच्या पिंडापाशी आला की त्याच्यापुढं अख्खं घर हात जोडून उभं असतं. तो शिवला नाही तर मोठ्यामोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. एरवी कंजूष माणसाला आपण म्हणतो, ‘उष्ट्या हातानं कावळा हाकणार नाही.’ हाताला चिकटलेली शितं कावळ्याला जातील, एवढीही त्याची तयारी नाही. कावळ्याला उष्ट्याचा वाटा असतो, हे या म्हणीत गृहीतच धरलेलं आहे.

संतांच्या गोष्टींत केर आणि शेण इतकं का येतं?

कारण मराठवाड्यातले संत काम करणाऱ्या माणसांत राहिले. गंगाखेडची जनाबाई घ्या. नामदेवांच्या घरची दासी, म्हणजे झाडलोट, शेणपाणी, दळणकांडण तिच्याच वाट्याला. तिच्या अभंगात ती झाडते आणि केर भरतो चक्रपाणी, पाटी डोक्यावर घेऊन लांब नेऊन टाकतो. देवाला हलकं काम करायला लावणारी ही कल्पना सोपी नाही. तिची दुसरी गोष्ट गोवऱ्यांची. कबीर भेटीला येतात तेव्हा जनी गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत असते. ‘ज्या गोवरीला कान लावल्यावर विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी,’ असा न्याय ती सांगते. गोवरी थापताना बाईच्या तोंडात नाम असतं आणि ते हातातून शेणात उतरतं. शेण थापणाऱ्या किती बायांना या गोष्टीनं आधार दिला असेल!

पैठणच्या एकनाथांची थुंकीची गोष्ट शाळेत सगळे शिकतात. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ पुन्हा पुन्हा गंगेत बुडी मारून येतात. कुणी सांगतं एकशे आठ वेळा. मला त्यापेक्षा गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं पोर त्यांनी कडेवर घेतलं ती गोष्ट मोठी वाटते, कारण त्या काळी खरा ‘विटाळ’ तिथं मानला जात होता.

पाळीच्या विटाळाबद्दल तर नाथांच्याही तीनशे वर्षं आधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींनी सांगून ठेवलं : नाकाला शेंबूड येतो, कानाला मळ येतो, तसंच हेही एक द्वार स्रवतं, त्याचा विटाळ धरू नये. चक्रधर पैठणला बराच काळ राहिले होते. आज पैठणच्याच आसपासच्या घरांत ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवतात, तेव्हा हे वचन मोठ्यानं वाचून दाखवायला हवं.

गणपती मळापासून झाला, हे खरंच पुराणात आहे?

आहे. पार्वतीनं अंगाच्या मळाचा मुलगा केला अशी कथा आहे, आणि पहिली पूजा त्याचीच.

जातींच्या नावानं असलेल्या घाणीच्या म्हणी तुम्ही का देत नाही?

त्या आहेत, बऱ्याच आहेत आणि मी त्या छापणार नाही. झाडणाऱ्या, मैला वाहणाऱ्या, मेलेली जनावरं ओढणाऱ्या माणसांच्या जातीची नावंच त्या म्हणींत शिवी म्हणून वापरली आहेत. अभ्यासासाठी त्या कुठं कशा वापरल्या जात, हे सांगता येतं. मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

मात्र त्या झाकूनही चालणार नाही. शिंदीच्या पानांची केरसुणी मराठवाड्यात परंपरेनं मातंग समाजाचे लोक बांधत आले. पानं आणायची, वाळवायची, चिरायची, मूठ आवळून बांधायची, सगळं त्यांच्या घरची माणसं करत. दिवाळीला तीच केरसुणी देवघरापाशी पाटावर बसे आणि ती बांधणारा माणूस दिवाळीचं मागायला अंगणाबाहेर उभा राही. केरसुणी आत, कारागीर बाहेर. लक्ष्मीपूजनाबद्दल लिहिताना हे वाक्य वगळलं तर बाकीचं सगळं वर्णन खोटं ठरतं.

१९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढण्याचं आणि मृतमांस खाण्याचं सोडा असं आवाहन केलं. ते लोण निजामाच्या मुलखातल्या गावांतही पोचलं आणि अनेक वस्त्यांनी ते काम टाकलं, त्यासाठी बहिष्कारही सोसले. राज्यघटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. म्हणी मात्र कायद्यानं मरत नाहीत. त्या म्हणणारं तोंड थांबवावं लागतं.

धुळवडीला चिखल, राख, शेण का फासतात?

वर्षभर सांभाळलेली स्वच्छ-अस्वच्छ, मोठा-लहान ही कुंपणं एका दिवसापुरती मोडतात. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात त्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांची माळ घालून मिरवतात आणि शेवटी नवे कपडे देऊन सन्मान करतात. जावई म्हणजे घरातला सगळ्यात मानाचा पाहुणा, म्हणूनच त्याची निवड.

मरीआईचा गाडा आणि शहराचा कचरा यांचा काही संबंध आहे का?

माझ्या मते आहे. पटकी आली की गाव मरीआईचा लाकडी गाडा करी. त्यात देवीची मूर्ती, लिंबू, बांगड्या, हिरवं चोळीखण. वाजतगाजत तो गावच्या शिवेवर नेऊन ठेवत. पलीकडचं गाव तो आपल्या पुढच्या शिवेवर ढकलत नेई. रोग कुठं संपत नसे, तो पुढच्या गावाला दिला जाई. ‘आपल्या शिवेबाहेर गेलं म्हणजे टळलं’ हा विचार आपल्यात इतका मुरलेला आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कित्येक वर्षं शहराचा कचरा त्यांच्या शेजारी पडत होता, विहिरींचं पाणी नासल्याची त्यांची तक्रार होती. मग गाड्या दुसऱ्या जागा शोधू लागल्या आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार झाला. शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचून राहिले. तो गाडाच होता, फक्त त्यात देवी नव्हती.

त्यात प्लॅस्टिक आलं. उकंड्याचा पांग फिटायचा तो कुजल्यामुळे. गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्यांनी भरलेल्या ढिगाला बारा वर्षं दिली तरी तो तसाच राहतो, आणि असलं खत रानात टाकलं तर वखराच्या पासेला पिशव्या गुंडाळून येतात. म्हण खोटी पडलेली नाही. आपण उकंडा बिघडवला.

गाडगेबाबांना यात कुठं ठेवायचं?

ते विदर्भातले, शेंडगावचे (१८७६ ते १९५६), पण कीर्तनासाठी सगळ्या महाराष्ट्रात फिरले. गावात शिरले की आधी खराट्यानं रस्ता झाडायचा आणि मग रात्री कीर्तन. राज्य सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. त्यांनी ‘हलक्या’ मानलेल्या कामाचं साधन भर चौकात स्वतःच्या हातात घेतलं, म्हणून त्यांच्याबद्दलच्या गोष्टी इतक्या पसरल्या.

‘हागणाऱ्याला नाही तर बघणाऱ्याला तरी लाज वाटावी’ असल्या म्हणी शाळेत सांगाव्यात का?

सांगाव्यात. हागणदारीमुक्तीच्या काळात गुड मॉर्निंग पथकं पहाटे टमरेल घेतलेल्या माणसांना अडवत होती, तेव्हा ही म्हण गावागावात पुन्हा ऐकू आली. पण त्याच वेळी पाण्याचा टँकर आठवड्यानं येणाऱ्या गावात संडासाला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्नही बायांनी विचारला होता. म्हण सांगताना तो प्रश्नही सांगावा.

माझ्या आजीच्या तोंडच्या म्हणी लिहून ठेवायच्या आहेत. कशा लिहू?

जशा ऐकल्या तशा. ‘उकंडा’ असेल तर ‘उकिरडा’ करू नका, ‘गू’ असेल तर ‘विष्ठा’ करू नका. म्हण कोणत्या कामात असताना, कुणाला उद्देशून निघाली ते शेजारी लिहा; गाव आणि तालुका लिहा. शक्य असेल तर फोनवर आवाज नोंदवून ठेवा, कारण हेल कागदावर येत नाही. त्या आधी आजीची परवानगी घ्या. आणि फक्त आपल्या आजीपाशी थांबू नका. गावात ज्या बाया रोज नाली आणि रस्ता झाडतात, ज्यांच्या घरी केरसुण्या बांधल्या जात, त्यांच्याकडेही बसा. घाणीबद्दल त्यांच्या म्हणी वेगळ्या आहेत, आणि त्या आजवर फार कमी लोकांनी विचारल्या आहेत.